मदत हवी आहे: आइस हॉकीचं पॉइंट टेबल कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, टोरोंटोत येऊन काही महिने झालेत आणि ऑफिसात जेवताना हॉकीशिवाय दुसरा विषयच नसतो, म्हणून मी यूट्यूबवर एनएचएलचा (इथली मोठी आइस हॉकी लीग) २०१८-१९चा सीझन बघायला घेतलाय, पण डोकं गरगरायला लागलंय. ८२ मॅचेस, जिंकलं की २ पॉइंट, इथपर्यंत ठीक. पण बरोबरी झाल्यावर ओव्हरटाइम (जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (पेनल्टीसारखे फटके) हरलं तरी १ पॉइंट देतात! म्हणजे हरणाऱ्यालाही प्रसाद, हे काय लॉजिक? सेंट लुईस ब्लूजचे ४५ विजय आणि असे ९ पराभव, म्हणून ९९ पॉइंट, हा हिशोब जमला एकदाचा. (हीच टीम जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये तळाला होती आणि शेवटी बोस्टनला हरवून कप घेऊन गेली, खोटं वाटतं ना!)

खरी अडचण प्लेऑफची आहे. टाम्पा बेने ६२ मॅच जिंकून १२८ पॉइंट केले आणि पहिल्याच राउंडमध्ये ९८ पॉइंटवाल्या कोलंबसकडून ४-० मार खाल्ला. ते जाऊ दे, पण कोलंबस तर वेगळ्या डिव्हिजनची (म्हणजे गटाची) ना, मग ती टाम्पासमोर आलीच कशी? वाइल्ड कार्ड वाइल्ड कार्ड म्हणतात ते हेच का? आणि आपली टोरोंटो १०० पॉइंट करूनही पहिल्याच राउंडला १०७ वाल्या बोस्टनसमोर का आली?

आयपीएलचं टेबल समजतं असं समजून सांगा प्लीज, ऑफिसात नुसती मान डोलावून कंटाळलोय.