बिया वाटल्या की वर्गाचा बाजार होतो, नाही वाटल्या तर संख्या कळत नाहीत... काय करू?

पाटीवाली
नमस्कार मंडळी, मी इतकी वर्षं पाचवी-सहावीला शिकवत होते, यंदा पहिल्यांदाच दुसरीचा वर्ग मिळालाय, 34 मुलं आहेत, आणि खरं सांगते, रोज संध्याकाळी घसा बसलेला असतो. मुलं गोड आहेत, प्रश्न तो नाहीये. प्रश्न गणिताच्या तासाचा आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, एका दमात एक ते शंभर म्हणतो, कुठेही अडखळत नाही. त्याला परवा म्हटलं त्रेपन्न लिही, तर लिहिलं 35. म्हटलं ठीक आहे, घाई झाली असेल. मग फळ्यावर 23 लिहून म्हटलं एवढ्या बिया मांडून दाखव. त्याने आधी दोन बिया ठेवल्या, थोडी जागा सोडली, पुढे तीन ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, झालं. म्हणजे त्याच्यासाठी तेवीस म्हणजे पाच बिया!! मला तेव्हापासून चैन नाहीये, कारण मग बाकीच्यांनाही विचारून बघितलं तर निम्म्याहून जास्त मुलांचं तेच. पाठ सगळ्यांचं आहे.

म्हणून ठरवलं की आता सगळं हातात देऊनच शिकवायचं. पण बिया वाटल्या की दहा मिनिटं वाटण्यात, दहा मिनिटं भांडणात, खाली सांडलेल्या वेचण्यात तास संपतो आणि प्रश्न विचारला की उत्तरं तीच ती पाच मुलं देतात. लहान वर्ग घेणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुम्ही हे रोजच्या रोज कसं करता?

चौथा बाक
ताई, साहित्य बंद करू नका, एवढं आधी सांगते. माझी सगळी वर्षं पहिली-दुसरीतच गेलीत आणि दरवर्षी जूनपासूनचे पहिले काही दिवस हे असंच होतं. नवीन वस्तू हातात आली की मूल आधी तिच्याशी खेळणारच, ते त्याचं कामच आहे. म्हणून पहिले दोन दिवस मी काहीही शिकवत नाही, नुसतं खेळू देते, मनोरे करा, रांगोळ्यासारखं मांडा, काय हवं ते. तिसऱ्या दिवशी नवलाई संपलेली असते.

दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः वाटू नका. चार-चार मुलांचा गट, गटाचा एक डबा, डबा आणायला एकच मूल उठणार, दर आठवड्याला ते मूल बदलणार. ज्यांना एरवी कुणी विचारत नाही त्यांना आधी हे काम द्या, फार जपून करतात. खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र अंथरा, सांडण्याचा प्रश्न अर्ध्यावर येतो. आणि ओरडू नका हो, घसा जाईल तुमचा. मी फक्त हात वर करते, ज्याला दिसलं तो हातातलं खाली ठेवून हात वर करतो, बघता बघता वर्ग शांत होतो. ही सवय लागायला वेळ लागतो पण एकदा लागली की वर्षभर पुरते.

आणि दशकासाठी बियांपेक्षा काड्या बऱ्या, कारण गठ्ठा बांधता येतो. पण तयार गठ्ठे देऊ नका!! दहा मोजून रबर मुलाने स्वतःच्या हाताने लावला पाहिजे. आणि वजाबाकीला सुट्ट्या काड्या कमी पडल्या की तोच रबर काढून गठ्ठा सोडायला लावा. हातच्याचं गणित तिथे कळतं, फळ्यावर नाही कळत.

अक्षरगाडी
35 आणि 53 बद्दल बोलतो, कारण यात मुलाची चूक फारशी नाहीये असं माझं मत आहे. आपण लिहिताना दशक आधी लिहितो पण बोलताना एकक आधी बोलतो. त्रेपन्न ऐकलं की कानावर आधी तीन येतो, मूल ऐकलं तसं लिहितं. जर्मन भाषेतही असंच आहे, तिथेही तेवीसला तीन आणि वीस असंच म्हणतात आणि तिथली लहान मुलंही अगदी अशीच उलटी लिहितात. त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस. मूल एकोणतीस ऐकतं, तीस ओळखीचं वाटतं आणि 39 लिहून मोकळं होतं. बरं, त्यातही नियम शेवटपर्यंत नाही, एकोणनव्वद म्हणजे 89 पण 99 ला मात्र नव्व्याण्णव. आपण मोठे झाल्यावर विसरून जातो की हे किती अवघड होतं.

मी काय करतो, जाड कागदाच्या पट्ट्या केल्यात. 10, 20, 30 असे 90 पर्यंत लांब पट्ट्या आणि 1 ते 9 निम्म्या लांबीच्या. त्रेपन्न म्हटलं की मूल 50 ची पट्टी घेतं आणि तिच्या शून्यावर 3 ची पट्टी ठेवतं. दिसतं 53. वरची पट्टी उचलली की खालून 50 परत दिसतो, त्यामुळे तो पाच म्हणजे नुसता पाच नाही हे डोळ्यांना दिसतं. मारिया माँटेसरीच्या पद्धतीतही अशी कार्डं असतात, सोबत सोनेरी मणी, एक सुटा, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा ठोकळा. तिने पहिली शाळा 1907 मध्ये रोममध्ये काढली, पण ही कार्डं आजही पुठ्ठ्याची घरी करता येतात.

एक मात्र सांभाळा, काही मुलं सोय म्हणून उजवीकडे आधी 3 लिहितात आणि मग डावीकडे 5. उत्तर बरोबर येतं म्हणून आपण सोडून देतो, पण पुढे तीन अंकी संख्या आल्या की फार गोंधळ होतो. डावीकडूनच लिहायची सवय लावा.

मधली सुट्टी
वरचं सगळं पटलं, पण 34 मुलांना एकाच वेळी काड्या देणं मला कधीच जमलं नाही, आणि जमलं तरी कोण काय करतंय ते दिसत नाही. मी वर्गाचे दोन भाग करते, निम्मी मुलं बाकावर वहीत सोपं काम करतात, निम्मी खाली माझ्यासमोर काड्या घेऊन, मग अदलाबदल. सतरा मुलांचे हात दिसतात, चौतीस जणांचे नाही दिसत.

आणि ती पाच मुलं. ताई, एकदा घड्याळ लावून बघा, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी वर्गातली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. मी वाचलं तेव्हा वाटलं तीन सेकंदात काय होणार, पण शांत वर्गात तीन सेकंद खूप मोठे असतात, करून बघा. मी आता हात वर करायलाच सांगत नाही. पाटीवर लिहा आणि मी म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम दाखवा. कोण अडकलंय ते लगेच कळतं आणि कुणाला उभं करून लाजवावं लागत नाही.

पाटीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार, मुद्दाम दोन आठवडे करून बघून मग लिहितेय. दोन दिवस नुसतं खेळू दिलं तेव्हा जीव वरखाली होत होता पण चौथा बाक ताई म्हणाल्या तसंच झालं, तिसऱ्या दिवशी डबे नीट आले. निम्मा-निम्मा वर्ग केला. पाटी दाखवायला लावल्यावर कळलं की रोज हात वर करणाऱ्या पाचातल्या दोघींनाही 40 आणि 14 मध्ये गोंधळ होतो, हे मला कधीच समजलं नसतं.

आणि तो मुलगा. काल त्याला त्रेपन्न सांगितलं. त्याने आधी तीन काड्या बाजूला काढल्या, मग गठ्ठे मोजायला लागला, एक दोन तीन चार, पाचवा गठ्ठा हातात घेतला आणि थांबला, रबर काढून परत दहा मोजून बघितल्या, परत रबर लावला. मी काही बोलले नाही, थांबले. मग पाटीवर 5 लिहिला, त्याच्या पुढे 3. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढची संख्या सांगा म्हणाला.

आता पुढचं विचारते, शंभरला दहा गठ्ठे एकत्र कशाने बांधू? रबर तुटतोय.

चौथा बाक
बांधू नका, दहा गठ्ठे बरोबर बसतील असा डबा शोधा. अकरावा गठ्ठा मावला नाही पाहिजे.