पहिली सुझुकी आल्टो मालवाहू गाडी म्हणून का विकली गेली?

चक्रधर:
जपानी केई गाड्यांचा (जपानमधील सर्वांत छोट्या वर्गातील गाड्यांचा) इतिहास वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. मे १९७९ मध्ये आलेली पहिली आल्टो दिसायला घरगुती छोटी गाडी आहे, आत चार माणसे बसतात, तरीही कागदोपत्री ती मालवाहू व्हॅन होती. सुझुकीकडे फ्रॉन्ते ही प्रवासी गाडी असताना हा वेगळा मार्ग कशासाठी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निळी_किल्ली:
याचे मूळ करात आहे. त्या काळी जपानमध्ये प्रवासी केई गाडीवर १५ टक्के वस्तुकर (ठरावीक वस्तूंवरचा कर) होता आणि मालवाहू गाडीवर तो मुळीच नव्हता. ओसामू सुझुकी १९७८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले होते. बहुतेक लोक गाडीतून एकटे किंवा दुकटेच जातात, तेव्हा मागची बाक अडचणीची असली तरी चालेल, हे ओळखून त्यांनी गाडीच व्हॅनच्या नियमांत बसवली. त्या नियमांनुसार मालाला मागच्या प्रवाशांपेक्षा जास्त जागा सोडावी लागे, म्हणून मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या आसनाला टेकत.

किंमत ४ लाख ७० हजार येन, आणि तीही देशभर एकच. त्याआधी वाहतूक खर्चामुळे प्रांतोप्रांती किंमत बदलत असे. हा आकडा गाठण्यासाठी केलेली काटकसर मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. शेजारच्या आसनाकडील दाराला बाहेरून किल्लीचे छिद्रच नव्हते आणि काचेवर पाणी उडवायला विजेच्या मोटरीऐवजी हाताने दाबायचा पंप होता. चालवणाऱ्याला रोज लागणारे मात्र काहीच काढून घेतलेले नव्हते.

जुने_इंजिन:
वरील उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण केवळ करावर बोट ठेवले तर अर्धीच गोष्ट कळते. मालवाहू गाड्यांसाठी धुराचे नियमही सैल होते. त्यामुळे सुझुकीला ५३९ सीसीचे, तीन सिलिंडरचे, दोन फेऱ्यांचे (टू-स्ट्रोक) जुने इंजिन वापरता आले आणि प्रवासी गाडीला लागणारी महागडी धूरशुद्धीकरण यंत्रणा टाळता आली. त्याच सांगाड्यावरच्या चार दारांच्या फ्रॉन्तेला ही सवलत नव्हती. पुढे १९८१ मध्ये आल्टोलाही ५४३ सीसीचे चार फेऱ्यांचे (फोर-स्ट्रोक) इंजिन मिळाले.

चक्रधर:
दोघांचेही मनापासून आभार. मग सरकारने ही पळवाट तशीच राहू दिली का?

निळी_किल्ली:
नाही. इतर कंपन्यांनीही अशाच व्हॅन आणल्यावर १९८१ मध्ये चार आसनांच्या अशा गाड्यांवर वस्तुकर लागू झाला. दोन आसनांच्या गाड्या त्यातून सुटत होत्या, म्हणून सुझुकीने मागची बाक काढून टाकलेली आल्टोही विकायला आणली. एप्रिल १९८९ मध्ये वस्तुकर रद्द होऊन ३ टक्के उपभोगकर (खरेदीवरचा सर्वसाधारण कर) आला, तेव्हा व्हॅन म्हणून नोंदवण्यातला मोठा फायदा संपला; प्रवासी गाडीनेही आल्टो हेच नाव घेतले आणि फ्रॉन्ते हे नाव मागे पडले.