'मरू दे' तोंडातून जाता जात नाही, मदत हवी आहे

हसू नका, खरंच अडचणीत आहे.

गेल्या महिन्यात ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, या वेळी गणपतीला गावी जाणं होणार नाही. बाबांना आयसीयूत ठेवलंय." मला म्हणायचं होतं, गावाचं काय घेऊन बसलीस, आधी बाबांकडे बघ. तोंडातून निघालं, "मरू दे गं, पुढच्या वर्षी बघू."

ती गप्प. मी सारवासारव करायला गेले आणि त्या नादात आणखी एकदा "मरू दे" म्हणाले. (बाबा आता घरी आलेत. ती बोलते माझ्याशी. डबा मात्र हल्ली दुसरीकडे बसून खाते, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.)

हे आईकडून आलंय. ती गिरगावातल्या चाळीत वाढलेली. पाणी आलं नाही की "मेला नळ", कडी लागली नाही की "मेली कडी", आणि लाडका भाचा तर कायमचाच "मेला". त्यात मी डोंबिवलीहून फोर्टला जाणारी. मरणाची गर्दी, मरणाचा उकाडा, पूल चढताना जीव गेला... दिवसातून किती वेळा मरतो आपण, एकदा मोजून बघा.

गंमत म्हणजे हीच आई घरातून निघताना "जाते" म्हणू देत नसे. "येते म्हण!" नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. खालचा वाणीसुद्धा रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. एवढी जपणूक, आणि दूध उतू गेलं की, "मरू दे!"

लेक नववीत आहे. तिने दर "मरू दे"ला 5 रुपये दंड लावला. आठ दिवसांत 235 रुपये झाले आणि तिला माझी सवय सुटू नये असं वाटायला लागलंय. मग "जाऊ दे"वर यायचं ठरवलं. पण विचार करा, आयसीयूत बाबा असलेल्या पोरीला "जाऊ दे गं" म्हटलं असतं तर काय मोठा फरक पडला असता?

कोणी अशी सवय मोडली आहे का? कशी?

प्रतिसाद 1: माझं "ॲक्च्युअली" होतं. व्हॉइस मेसेज पाठवल्यावर लगेच स्वतः ऐकायला लागलो. पहिले काही दिवस फोन फेकून द्यावासा वाटला. शब्द गेला नाही, पण आता जिभेवर आला की कळतं. तेवढ्यात निम्म्या वेळा गिळता येतो.

प्रतिसाद 2: "मरू दे"चं सोडा. मुंबईत सगळ्यांना तिकीट "भेटतं" आणि सगळे "मी बोलली, तो बोलला" करतात, त्यावर कोणी धागा काढत नाही!

मी: काढा ना वेगळा. इथे माझा जीव टांगणीला लागलाय. (बघा, परत जीव.)

प्रतिसाद 3: ताई, नुसतं सोडायला गेलात तर सुटणार नाही, त्या जागी दुसरं काहीतरी बसवावं लागतं. "राहू दे" म्हणा. चाल तीच, शेवटही तोच, त्यामुळे जीभ फार कुरकुर करत नाही. माझी सासू शिवी येतेय असं वाटलं की "राम" म्हणते, तसंच. आणि आयसीयूबाहेर कोणालाही "राहू दे" म्हटलं तरी चालतं, उलट बरंच.

मी: हे पटलं. "राहू दे". "असू दे"सुद्धा चालेल. उद्यापासून करते.

मी (दोन दिवसांनी): आज सकाळी कुर्ल्याच्या अलीकडे लोकल वीस मिनिटं उभी. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "गेला आजचा मस्टर." मी दात आवळून धरले, "राहू दे" आठवलं, आणि म्हणाले, "मराहू दे."

ती म्हणाली, "काय?"