'सप्रेशन ऑर्डर'ला मराठीत काय म्हणाल? ('दडप' सोडून)

यारातीर
मेलबर्नला राहते, दुभाषी म्हणून थोडंफार काम करते. बहुतेक दवाखान्यातलं, कधीमधी कोर्टातलं. मागच्या आठवड्यात एका मराठी कुटुंबासाठी कोर्टाचं माहितीपत्रक मराठीत करायचं होतं आणि त्यात सप्रेशन ऑर्डर आली. म्हणजे न्यायाधीश हुकूम देतात, की या खटल्यातली अमुक माहिती बाहेर जाता कामा नये. कधी साक्षीदाराचं नाव, कधी एखादा पुरावा, कधी तर निकाल लागलाय हेसुद्धा. मोडली तर इथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या २०१३ च्या कायद्यानं ५ वर्षांपर्यंत कैद. मी घाईत लिहिलं, 'माहिती दडपण्याचा आदेश'. घरातल्या आजींनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे कोर्टच प्रकरण दडपतंय? मग आमच्या पोरीनं तक्रार करून मिळवलं काय?"

हुकूम त्यांच्याच नातीचं नाव झाकायला होता. मी वरमले.

शब्द सुचवा. परवापर्यंत पाठवायचंय.

काळाकोट
मनाई हुकूम. तालुका कोर्टात रोज ऐकतो. 'तूर्तातूर्त मनाई' म्हटलं की बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्यालाही कळतं, निशाणी ५ चा अर्ज (म्हणजे तूर्तातूर्त मनाईचाच) कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'प्रसिद्धीस मनाई हुकूम' लिहा आणि मोकळ्या व्हा.

आणि ताई, ज्या प्रकरणात असा हुकूम आहे त्याविषयी चारचौघांत लिहिताय. जपून.

यारातीर
तपशील बदललेत, काका. आजी तेवढ्या खऱ्या.

'प्रसिद्धीस मनाई' माझ्याही मनात आलं होतं. पण शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये २०१० चा जो कायदा आहे, त्याच्या नावातच दोन हुकूम वेगळे सांगितलेत: सप्रेशन आणि नॉन-पब्लिकेशन. दुसऱ्यात फक्त छापणं, दाखवणं, नेटवर टाकणं बंद. पहिल्यात कुठल्याही मार्गानं उघड करणं बंद, म्हणजे जिन्यात उभं राहून शेजारणीला सांगणंसुद्धा. आमच्या व्हिक्टोरियातला हुकूमही या पहिल्या जातीचा. 'प्रसिद्धीस मनाई' लिहिलं तर आजी पेपरवाल्याला काही सांगणार नाहीत, पण भजनी मंडळात सांगतील. प्रसिद्धी म्हणजे पेपर, एवढंच त्यांच्या डोक्यात.

बोरूबहाद्दर
पेपरवाला हजर आहे. 'प्रसिद्धीबंदी' करा, मथळ्यात बसतो. नोटबंदी, दारूबंदी, जमावबंदी, नसबंदी या सगळ्या बंद्या लोकांनी पचवल्यात, ही एक पचवतील. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात सुनावणी बंद दाराआड घ्यायची, पक्षकारांची नावं आदेशात आणायची नाहीत, परवानगीशिवाय काही छापायचं नाही असं बजावलं, तेव्हा आम्ही डेस्कवर 'वार्तांकनास मनाई' लिहिलं होतं. तो शब्द आमच्यापुरता बरा. भजनी मंडळ वार्तांकन करत नाही. (करतं, पण तसं म्हणत नाही.)

ओंटारियोकर
कॅनडात सरळ 'पब्लिकेशन बॅन' म्हणतात. त्यामुळे प्रसिद्धीबंदीला माझं मत. फक्त एक गंमत बघा, मराठीत बंदी म्हणजे मनाईही आणि कैदीही. प्रसिद्धीबंदी म्हणजे प्रसिद्धीच्या कैदेत पडलेला माणूस असाही समास सुटतो. इथे तसं खरंच घडलंय. ज्या बाईच्या संरक्षणासाठी बंदी होती तिनंच ती मोडली म्हणून तिला दंड झाला होता. पुढं तो टिकला नाही आणि २०२३ मध्ये कायदाच सुधारला. आता बंदी उठवायची का, यात पीडितेला विचारतात.

चिंगी_लांजा
एवढी 'दडप'वर का खार खाताय सगळे? आमच्याकडे दडपे पोहे करतात. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, शहाळ्याचं पाणी असलं तर सोन्याहून पिवळं, सगळं कालवून वर ताट आणि ताटावर वरवंटा. अर्धा तास दडपून ठेवायचे, की मऊ होतात. कुणी पोह्यांवर अन्याय झाला म्हणत नाही. दडपणं म्हणजे वजन ठेवणं, बस. कोर्ट वजन ठेवतंय. मूळ शब्द चांगलाच होता.

बोरूबहाद्दर
चिंगीताई, पोहे दडपतात खाण्यासाठी, प्रकरणं दडपतात खाल्ल्यावर.

यारातीर
😀 पण तिढा हाच आहे. मराठीत 'दडपणे'चा कर्ता नेहमी संशयित असतो. मंत्री दडपतो, संस्थाचालक दडपतो, पोलीस दडपतात. आणि दडपशाही तर सरकारचीच. न्यायाधीशानं एखाद्या मुलीच्या भल्यासाठी काही झाकलं तर त्याला आपल्याकडे क्रियापदच नाही.

इंग्रजीतही हा संशय पुसला गेलेला नाही म्हणा. डिसेंबर २०१८ मध्ये इथे कार्डिनल पेल या बड्या कॅथलिक धर्मगुरूंना बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात ज्यूरीनं दोषी ठरवलं आणि त्यावर हुकूम होता, कारण दुसरा खटला उभा राहायचा होता आणि त्याच्या ज्यूरीचं मन आधीच कलुषित व्हायला नको. निकालानंतर एका इथल्या पेपरचं पहिलं पान आख्खं काळं, मध्ये ठळक एकच शब्द: 'सेन्सॉर्ड'. परदेशी साइटवर नाव केव्हाच आलेलं. आमच्या ट्राममध्ये सगळ्यांना माहीत आणि सगळे खिडकीबाहेर बघतायत. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुकूम उठला, एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च पातळीवर सातही न्यायमूर्तींनी त्यांना निर्दोष सोडलं, आणि २०२१ मध्ये हुकूम मोडणाऱ्या माध्यम कंपन्यांना मिळून ११ लाख डॉलरच्या वर दंड. कंपन्यांच्या लेखी ते दडपणंच होतं, कोर्टाच्या लेखी ज्यूरी जपणं.

शुद्धमती
चर्चेत आतापर्यंत आलेले मनाई, हुकूम, बंदी हे तिन्ही शब्द फारसी-अरबी घराण्यातले आहेत, याची कुणालाच खंत नाही. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला? 'अप्रकटनादेश' हा शब्द सुचवते. प्रकटन हा शासनमान्य शब्द आहे, त्याला नकार लावला, आदेश जोडला. उघड करणे आणि छापणे दोन्ही त्यात येतात, म्हणजे यारातीर यांची अडचणही सुटते.

बोरूबहाद्दर
अप्रकट नादेश? हा कुठला देव? नांदेडजवळ आहे का?

शुद्धमती
थट्टा सोपी असते. 'दिनांक' आणि 'महापौर' यांनाही लोक असेच हसले होते. आज तुमच्याच पेपरात रोज छापता.

वऱ्हाडी_ठेचा
थे दोन रुजले, बाकीचे शंभर कुठं गेले ताई? आन मी म्हन्तो आजीलेच इचारा ना, थे काय म्हन्ते त्याले. आपुन कायले डोकं फोडून राह्यलो?

काळाकोट
शब्द बाजूला ठेवून एक प्रकरण सांगतो. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र शासन. 'ब्लिट्झ' साप्ताहिकावर अब्रुनुकसानीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. एक व्यापारी साक्षीदार म्हणाला, माझी आधीची साक्ष छापून आली, त्यानं धंद्याला फटका बसला, आता पुन्हा बोलवलंय तर ही तरी छापू नका. न्या. तारकुंडे (आमचे सासवडचे) यांनी तोंडी सांगितलं, छापायची नाही. लेखी कागद नाही, काही नाही. ब्लिट्झचा वार्ताहर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ न्यायमूर्ती बसले. मार्च १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला: न्याय उघड्यावर व्हावा हा नियम, पण न्यायासाठीच गरज पडली तर कोर्टाला झाकायचा अंगभूत अधिकार आहे. एकटे हिदायतुल्ला विरोधात गेले.

मुद्दा असा, की भारतात या विषयावरचं सगळ्यात मोठं भांडण दोन मराठी न्यायमूर्ती आणि एका मराठी वार्ताहरावरून झालं आणि त्या हुकुमाला मराठीत नाव नाही. सप्रेशनही नाही, काहीच नाही. 'साक्ष छापू नका', संपलं.

२०१२ च्या सहारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक जात काढली, वार्तांकन काही काळ पुढं ढकलायचा हुकूम. तिला मी 'प्रसिद्धी तहकुबी' म्हणतो. तारीख तहकूब होते तशी बातमी तहकूब.

ओंटारियोकर
तहकुबी झकास! पण काका, बलात्कार पीडितेचं नाव छापायचं नाही हे तर कायद्यातच आहे ना? त्याला वेगळा हुकूम कशाला?

काळाकोट
बरोबर. जुन्या दंड संहितेचं कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं ७२. तिथे न्यायाधीशानं काही सांगायची गरजच नाही, मनाई आपोआप. पण हे कलम १९८३ साली आलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या ज्या बलात्कार प्रकरणावरून देशभर आंदोलन पेटलं आणि कायदा बदलला, ते १९७२ चं. तो खटला आजही त्या मुलीच्या नावानं ओळखला जातो. वकिलीच्या पहिल्या वर्षाला आम्ही ते नाव पाठ केलं.

यारातीर
हे मला माहीत नव्हतं.

ठेचाभाऊ, तुमचं ऐकलं. आजींना फोन केला. म्हटलं, या हुकुमाला तुम्ही काय म्हणाल? त्या म्हणाल्या, "कुठं वाच्यता करायची नाही, असंच ना? मग तसं लिही की. एवढं काय त्यात." वाच्यता! छापणं, बोलणं, फॉरवर्ड करणं सगळं आलं, आणि दडपल्याचा वासही नाही. 'वाच्यता-मनाई' कसं वाटतं?

शुद्धमती
वाच्य म्हणजे अभिधेने, शब्दाच्या सरळ अर्थाने कळणारा. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ. काव्यशास्त्रातला शब्द कोर्टात ओढू नये. शिवाय पुढे पुन्हा 'मनाई'.

बोरूबहाद्दर
काव्यशास्त्राला कोण विचारतंय! पण वाच्यता म्हणजे तोंडी झाली. फोटो टाकला तर? फोटोची वाच्यता होते का?

ते जाऊ दे. मला खरा राग 'इन कॅमेरा'चा आहे. आमचा एक बातमीदार इन कॅमेरा सुनावणी म्हणजे चित्रीकरण करून घेतलेली सुनावणी समजायचा. आणि त्याचं चुकलं म्हणू कसं? त्याच पानावर खाली बातमी असते, 'नातेवाइकांच्या मागणीवरून इन कॅमेरा शवविच्छेदन', आणि तिथे खरोखरच कॅमेरा लावलेला असतो! एकाच पेपरात एकाच शब्दाचा अर्थ वर 'कुणी बघायचं नाही' आणि खाली 'सगळं टिपून ठेवायचं'.

ओंटारियोकर
कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये खोली. न्यायाधीशाच्या खोलीत, म्हणून इन कॅमेरा. फोटोचा कॅमेराही 'अंधारी खोली'वरूनच. आणि हिंदीतला कमरा पोर्तुगीजांकडून आला, त्याच लॅटिन खोलीतून. म्हणजे 'इन कॅमेरा'चं अस्सल भाषांतर 'कमऱ्यात' 😀

चिंगी_लांजा
मग आपला खलबतखाना काय वाईट? रायगडावर आहेच की. दार बंद, आत मोजकी माणसं. 'खलबती सुनावणी' म्हणा.

शुद्धमती
खलबत हा अरबी 'खल्वत' आहे. एकांत.

चिंगी_लांजा
असू दे की. महाराजांच्या गडावर चालला, तुम्हाला चालत नाही?

काळाकोट
खलबत नको. खलबत म्हटलं की कट आला. 'त्यांची खलबतं चाललीत' कुणाबद्दल म्हणतो आपण? पुन्हा तोच दडपचा रोग. मराठीत बंद दाराआड जे होतं ते वाईटच, अशी आपली समजूत आहे. घरात चार माणसं दार लावून बसली तरी शेजारी वाटणी चाललीय असं समजतो.

औरंगपुरा_टी_पॉइंट
उशिरा आलो. 'गुलदस्त्यात' कुणी कसं सुचवलं नाही? नाव गुलदस्त्यात ठेवण्याचा आदेश. आमचे आजोबा सांगायचे, निजामाच्या दरबारात चिठ्ठ्या फुलांच्या गुच्छात लपवून पाठवत, त्यावरून आला.

काळाकोट
ऐकीव साक्ष. ग्राह्य नाही.

औरंगपुरा_टी_पॉइंट
आजोबा दरबारी मुनशींच्या घरातले होते साहेब.

बोरूबहाद्दर
हिंदीवाले गुलदस्ता देतात, आपण त्यात गोष्टी लपवतो. पण गुलदस्त्यात जे असतं ते पुढं उघड व्हायचंच असतं. उमेदवाराचं नाव, मंत्रिमंडळाचा विस्तार. मुलीचं नाव कायमचं झाकायचंय, त्याला गुलदस्ता म्हणजे सस्पेन्स केल्यासारखं.

औरंगपुरा_टी_पॉइंट
कायमचं कुठं? वर तहकुबी म्हणालात ना? तिला गुलदस्ता चालेल.

शुद्धमती
पुष्पगुच्छ.

वऱ्हाडी_ठेचा
हुकूम पुष्पगुच्छात ठेवला म्हन्ता? न्यायाधीश रिटायर हून राह्यले काय?

यारातीर
मंडळी, मुदत संपत आली म्हणून पाठवून दिलं. आभार.

बोरूबहाद्दर
पाठवलंत ते ठीक, पण शब्द कुठला लिहिलात?

ओंटारियोकर
चिंगीताई, इथल्या भारतीय दुकानात फक्त जाडे पोहे मिळतात. भिजवून दडपले तर चालतील का?

चिंगी_लांजा
छे हो. जाड्यांचा लगदा होतो. थोडे दिवस थांबा, पातळ कुणाबरोबर तरी मागवा.