'ड्राय' वाइनला मराठीत काय म्हणायचं? कोरडी, तुरट की अगोड?

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला कुठल्याही वायनरीत टेस्टिंगला गेलं की तिथला पोरगा ग्लासात दोन घोट ओततो आणि विचारतो, सर ड्राय आवडते की स्वीट? आणि आपल्यातले बहुतेक जण ठोकून देतात 'ड्राय', कारण स्वीट म्हटलं तर आपण नवखे वाटू. मग पहिला घोट गेला की चेहरे बघण्यासारखे. तर या ड्रायला मराठी शब्द काय? 'कोरडी वाइन' असं छापलेलं वाचलंय आणि मला ते झेपलेलं नाही, पातळ वस्तू कोरडी कशी असेल, आणि 'ड्राय डे'ची आठवण होते ते वेगळंच. आमच्या ग्रुपात एक म्हणाला 'तुरट', एक म्हणाला 'कडू', वहिनी म्हणाली सरळ 'बेचव' म्हणा. तुम्ही काय म्हणता?

*

तुरट तर अजिबात नको, हा घोळ सगळेच घालतात. ड्राय म्हणजे साखर उरलेली नाही, बास. रसातली साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलं, शिल्लक काही ठेवलं नाही की वाइन ड्राय. युरोपातल्या नियमांत साधारण लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असली तर साध्या वाइनला ड्राय म्हणतात, आंबटपणा चांगला असेल तर ९ पर्यंतसुद्धा चालतं. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, आणि ते असतं सालीत, बियांत, थोडं लाकडी पिंपात. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून शिराझ किंवा कॅबरने प्यायल्यावर जीभ आवळल्यासारखी होते. व्हाइटचा रस आधीच पिळून साली बाजूला काढतात, म्हणून सोव्हिन्यॉं ब्लां चांगली ड्राय असूनही तुरट लागत नाही, ती दात आंबवते. आणि उलटंही होतं, गोड असून तुरट. म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, एकीवरचा शब्द दुसरीवर लावला की वेटर भलतीच बाटली आणणार.

कडू पण नको. तसंही आपण चवींच्या शब्दांत आधीच गोंधळ घालून बसलोय, संस्कृतातला 'कटू' म्हणजे तिखट, आणि त्यातूनच आलेला आपला 'कडू' म्हणजे कारल्याचा. त्यात अजून भर कशाला.

*

आमच्यात च्यात साखर कमी पडली की 'च्या अगोड झालाय' म्हणत्यात. अगोड वाइन म्हणा की राव, विषय संपला.

*

अगोड शब्द झकास आहे पण मला त्यात तक्रार ऐकू येते. चहा अगोड झाला म्हणजे कुणीतरी साखर घालायला विसरलं, जसं आमटी अळणी झाली म्हणजे मीठ राहिलं. ड्राय वाइनमध्ये काही राहिलेलं नसतं, ती मुद्दाम तशी केलेली असते. गंमत म्हणजे वाइनची द्राक्षं आपल्या खायच्या थॉमसनपेक्षा गोड असतात, बारीक, जाड सालीची, बियांची, पण तोडणीच्या वेळी साखर भरपूर, आणि त्यांचीच वाइन अगोड. 'बिनगोडाची' म्हटलं तर? किंवा 'कोरी'?

*

कोरी नको हो, कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा. कोरी मागितली तर लोक समजतील पाणी-सोडा न घालता मारतो हा.

*

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे वर्षानुवर्षं वाइन म्हणजे पोर्ट, लाल, गोड, स्वस्त, लग्नात केकबरोबर आणि म्हाताऱ्या माणसांना भूक लागावी म्हणून घोटभर. खऱ्या पोर्तुगालच्या पोर्टशी तिचं नातं बहुतेक नावापुरतंच. तिथे डोरो खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबत असताना मध्येच ब्रँडीसारखं कडक स्पिरिट घालतात, यीस्ट मरतं, साखर तशीच उरते, आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. तेव्हा गोड वाइन म्हणजे बिनअकलेची वाइन हा समज आधी सोडा. गोड आवडते तर गोड आवडते म्हणावं, त्यात लाजायचं काय? मला स्वतःला एप्रिलमध्ये काजूची उराक (बोंडांच्या रसाची हलकी दारू), लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालून, त्यापुढे कुठलीच वाइन नको वाटते.

आणि शब्दांवर फार विसंबू पण नका. स्पार्कलिंगच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असेल तर ती 'ब्रूट' लिहिलेल्या बाटलीपेक्षा गोड असते! ब्रूटला लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायला १२ ते १७. पूर्वी शॅम्पेन भयंकर गोड असायची, त्या मानाने हे ड्राय, म्हणून नाव पडलं ते पडलंच. दुकानात एक्स्ट्रा ड्राय बघून घाबरून परत ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना नेमकी तीच आवडली असती.

*

मूळ प्रश्नकर्ता: वा, बरंच कळलं. मी 'अगोड' उचलतोय. तक्रारीचा सूर आहे हे मान्य, पण आमच्या ग्रुपचा सूरही तोच होता. 'तुरट' फक्त रेडसाठी, आणि व्हाइटला 'दात आंबवते' हे तर कुठल्याही टेस्टिंग नोटपेक्षा भारी, त्यातली 'सिट्रस नोट्स' वगैरे भाषा आपल्या तोंडात बसतच नाही. एक राहिलं, 'बॉडी'ला काय म्हणणार? 'अंगाने भरलेली वाइन' म्हणालो तर बायको घराबाहेर काढेल.

*

दाट आणि पातळ. ताकाला म्हणतो तसंच. आणि अर्धवट गोड असते ना, चेनिन ब्लां वगैरे थंडगार, तिला 'गोडसर' म्हणा. मला तीच आवडते, पापलेट फ्रायबरोबर.