मदत हवी आहे: महापुरानंतर बांध सरकला, आता हद्द कशी सिद्ध करायची? (करवीर)

नमस्कार. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमची आजोबांनी खरेदी केलेली 38 गुंठे जमीन आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात गाळ बसून हद्दीचे दगड गाडले गेले. तेव्हापासून लगतचे शेतकरी, नात्यानं चुलत काकाच, दर लागणीला बांध कोरत आलेत. आज चार सऱ्या आमच्यातल्या गेल्यात. विचारलं की म्हणतात, "सातबाऱ्यावर तुझं क्षेत्र पुरं हाय की, मग तक्रार कसली?" शेत आई एकटी बघते. तिला रोज बांधावर हे ऐकावं लागतं, ते मला सहन होत नाही.

सातबारा, आठ-अ, फेरफार आहेत. खरेदीखतात चतुःसीमा (चारही बाजूंना कोण, काय ते) आहेत, पण नंबर जुना, सर्व्हेचा. आता गट नंबर आहे. काका मोजणीला सही देणार नाहीत म्हणतात. काय करू?

प्रतिसाद:
ताई, सातबारा क्षेत्र किती ते सांगतो, जागेवर कुठं ते नकाशाच सांगतो. काकांचं बोलणं तिथंच लंगडं पडतं. मालकीला मुख्य आधार खरेदीखताचा. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. जुना नंबर गटाशी जोडायला एकत्रीकरणाचा, म्हणजे सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हाचा, नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढा, सोबत गटाच्या नकाशाची नक्कल.

मग भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा (जागेवर हद्दीच्या खुणा ठरवून देणाऱ्या मोजणीचा) अर्ज करा, ऑनलाइनही होतो. लगतधारकांना नोटीस जाते. त्यांनी सही नाही केली म्हणून मोजणी थांबत नाही. भूकरमापक खुणा दाखवतील तेव्हा आईसोबत तुम्ही स्वतः हजर राहा, फोटो घ्या. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय काकांशी वाद वाढवू नका. त्यांना मोजणी अमान्य असेल तर ते निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागतील, मागू देत.

एवढ्यानं सऱ्या परत मिळत नाहीत. ताबा सोडला नाही तर दिवाणी दावा लागतो, तिथं कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी मागता येते. 12 वर्षं उघड ताबा राहिला तर काका प्रतिकूल ताब्याचा (इतकी वर्षं ताबा, म्हणून जमीन आमचीच, असा) मुद्दा काढतील, म्हणून ढकलत नेऊ नका.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पण दोन्हीकडं ऊस उभा आहे, मोजणी होईल का?

प्रतिसाद:
उभ्या उसात साखळी आणि यंत्र दोन्हीला अडचण. अर्ज आत्ताच टाका, तारीख तोडीनंतरची मागा. खोडव्याचा (तोडीनंतर फुटणाऱ्या उसाचा) पाला पसरायच्या आत मोजून घ्या.