‘इंग्रजी भुताखेतांची पुस्तकं’ आणि कोकणातली पोरं: मला उत्तर द्यायचंच आहे

खाडीकाठ:
आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर एक पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की हल्लीच्या किशोरांसाठीच्या इंग्रजी फँटसी आणि विज्ञान कादंबऱ्या एकाच साच्यातल्या असतात. जग वाचवणारी एक मुलगी, तिच्यामागे दोन मुलगे, वर एक दुष्ट सरकार. आणि त्या वाचून आपली पोरं मातीपासून तुटतात. लिहिणाऱ्याने यातलं एकही पुस्तक उघडलेलं नाही, हे पहिल्या चार ओळींतच कळतं.

माझी भाची वेंगुर्ल्याला दहावीत आहे. या पावसाळ्यात तिने फ्रान्सिस हार्डिंगचं ‘डीपलाइट’ (२०१९) वाचलं आणि मग माझ्यामागे लागून मलाही वाचायला लावलं. बेटांचा मुलूख. समुद्रातल्या अक्राळविक्राळ देवांनी ३० वर्षांपूर्वी एकमेकांना फाडून टाकलंय, आणि किनाऱ्यावरची माणसं त्या मेलेल्या देवांचे तुकडे पाण्यातून काढून विकतात. बुड्या मारून बहिरे झालेल्यांना तिथे मान आहे. नायक एक अनाथ, लबाड पोरगा, दोस्तीपायी वाहवत गेलेला. दोन मुलग्यांमध्ये अडकलेली मुलगी कुठे आहे यात? भाचीने वाचून संपवलं आणि आजीला विचारलं, ‘आपल्या समुद्राचे देव कोण गं?’ याला मातीपासून तुटणं म्हणायचं?

डार्सी लिटल बॅजरचं ‘एलाट्सो’ (२०२०) घ्या. लिपान अपाचे या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची मुलगी, मेलेल्या जनावरांची भुतं बोलावण्याची विद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, सोबतीला स्वतःच्या मेलेल्या कुत्र्याचं भूत. लेखिका त्याच जमातीची. टोमी अडेयेमीने २०१८ मध्ये आपल्या कादंबरीत पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची दैवतं घेऊन असंच केलं. आपल्याकडे आरवलीचा वेतोबा आहे, ज्याला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. गावाची राखण करणारे अदृश्य देवचार आहेत, राखणदार आहेत. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, कातळशिल्पं आहेत, ती कोणी खोदली कुणाला माहीत नाही. यावर पंधरा वर्षांच्या पोराला रात्रभर जागवील अशी मराठी कादंबरी दाखवा. मी आजच मागवते.

निवृत्त मास्तर:
ती पोस्ट माझीच. आपण मराठीत काहीच नाही असं लिहिता, तेव्हा नारळीकरांना विसरता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या खोट्या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. एवढा मोठा शास्त्रज्ञ मराठी वाचकासाठी एवढं करतो, आणि तुमच्या भाचीला हार्डिंगबाई लागतात? ३४ वर्षं शिकवलं मी. आज नववीतल्या मुलाला मराठीचं एक पान अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. माझा स्वतःचा नातू घरात इंग्रजीत बोलतो. हे दुःख तुम्हाला दिसत नाही.

खाडीकाठ:
सर, नारळीकरांबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण त्यांच्या ‘वामन परत न आला’ कादंबरीत संकट सोडवतात ते मोठी, शिकलेली माणसं. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या वयाचं कुणीतरी चुकताना, घाबरताना, मोठ्यांना प्रश्न विचारताना बघायचं असतं.

बंदररोड:
दोघेही पुस्तकं मिळतात असं धरून चाललायत. रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, त्याचा अभिमान आहेच. पण आमच्या गावच्या वाचनालयात किशोरांचं कपाट म्हणजे पंचतंत्र आणि थोरांची चरित्रं. मुलीसाठी विचारायला गेलो तर ‘असली पुस्तकं मंजूर होत नाहीत’ म्हणाले. शेवटी चारशे-पाचशे रुपयांचं एकेक पुस्तक पोस्टाने येतं, पावसात भिजून. आधी यावर बोला.

आकेरीची:
वाचनालयाचं नंतर बघू. खाडीकाठताई, ‘देवचारावर कादंबरी हवी’ हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताखेतांची मालिका सिंधुदुर्गातल्या आमच्या आकेरी गावात चित्रित झाली. त्यानंतर पुण्या-मुंबईचे पाव्हणे गाड्या थांबवून विचारायचे, ‘तो भुताचा वाडा कुठे?’ माझ्या बहिणीला बघायला आलेल्या स्थळाने विचारलं, ‘तुमच्याकडे करणी-बिरणी करतात ना?’ बहीण आत जाऊन रडली. आमच्या श्रद्धा ही तुमच्या रंजनाची सामग्री नव्हे.

दांडीकर:
त्याच मालिकेन गावात पर्यटक इले. माझ्या मावशेच्या खानावळीक चार वर्षां गिऱ्हायकां मिळाली. पोटाक मिळालेला वायट कसा म्हणतलंस?

आकेरीची:
पोटाचं नाव पुढे करून इज्जत विकायची नसते.

दांडीकर:
इज्जत कोणी विकली? शब्द सांभाळून वापर. माझी मावशी राबान खाता.

निवृत्त मास्तर:
आकेरीच्या ताई बरोबर बोलतायत. दशावतारात संकासुर राक्षस येतो तेव्हा सगळा गाव हसतो, कारण तो आपला असतो. पडद्यावर गेलं की तेच बघणाऱ्याच्या डोळ्यांत मागासलेपण होतं. त्या मालिकेविरुद्ध सिंधुदुर्गात आवाज उठला तो उगाच नव्हे.

खाडीकाठ:
ताई, तुमच्या बहिणीचं वाचून मलाही संताप आला. पण मालिका एक आणि ‘एलाट्सो’ दुसरं. मालिकेत गावचं भूत हे बाहेरच्या माणसाने घाबरायचं भूत. ‘एलाट्सो’तलं भूत घरचं आहे, आजीच्या आजीने शिकवलेलं, त्याचे नियम मुलीला माहीत आहेत. कथा कोण सांगतंय, सगळा फरक तिथे पडतो. भाची आता ‘हंगर गेम्स’ मालेतलं ‘सनराइज ऑन द रीपिंग’ वाचतेय, २०२५ चं. ४८ मुलांना मरायला मैदानात सोडतात आणि जे घडलं ते कापून-जोडून लोकांना भलतंच दाखवतात. तिने ते वाचताना मला विचारलं, ‘आकेरीच्या वाड्याचंही असंच केलं ना गं टीव्हीवर?’ तुमचीच तक्रार, ताई. ती तिला या पुस्तकाने शिकवली.

आकेरीची:
मुलगी हुशार आहे. तेवढं मान्य. पण गावातलाच माणूस गावाला विकतो, हेही बघितलंय मी. आपला लेखक म्हणून सूट नाही.

बंदररोड:
वाचनालयाबद्दल कुणीच बोललं नाही.

निवृत्त मास्तर:
बंदररोड, तुमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला मी पत्र लिहितो, गाव कळवा. खाडीकाठताई, ते समुद्राच्या देवांचं पुस्तक पाठवा. वाचेन. साचा दिसला तर इथेच लिहीन आणि तेव्हा गप्प बसायचं नाही. माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही: भाची आजीला प्रश्न मराठीत विचारते, पण उत्तर मराठीत लिहील का?

खाडीकाठ:
उद्या पाठवते. आणि सर, ती लिहितेय. खाडीतल्या गिऱ्ह्यावर, म्हणजे पाण्यातल्या भुतावर, मराठीत, मधले संवाद मालवणीत. शुद्धलेखन भयंकर आहे, ते तुम्ही तपासून द्या.

आकेरीची:
छापायच्या आधी गावात वाचून दाखवा.

खाडीकाठ:
वाचून दाखवू. पण परवानगी मागायला येणार नाही.

आकेरीची:
मग मी पहिल्या रांगेत बसणार, आणि खटकलं तर तिथेच उठून बोलणार.